भगवान महावीर : तप, मौन आणि सत्याचा शोध



चैत्र शुद्ध त्रयोदशी जवळ आली की शाळेत महावीर जयंतीची तयारी सुरू होते. फळ्यावर सुविचार लिहिला जातो, दोन मुलं भाषण पाठ करतात, प्रतिमेला हार घातला जातो. भाषणात ठरलेले मुद्दे असतात : 24 वे तीर्थंकर, राजघराण्यात जन्म, 30 व्या वर्षी गृहत्याग, कठोर तप, अहिंसेचा संदेश. टाळ्या. संपलं.

मीही बरीच वर्षं असंच शिकवत आलो. पण एकदा एका मुलीच्या वहीत मी लाल पेनाने एक फुली मारली आणि त्या फुलीने मला महावीरांचं चरित्र नव्याने वाचायला लावलं. तो प्रसंग शेवटी सांगतो. आधी चरित्र पाहू. आपण मुलांना तप म्हणजे उपासतापास एवढंच सांगतो आणि सत्याचा शोध हा शब्द नुसता उच्चारून पुढे जातो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे महावीरांच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं.

वैशालीचा वर्धमान

परंपरेनुसार महावीरांचा जन्म इ.स.पू. 599 मध्ये, आजच्या बिहारमधील वैशालीजवळच्या कुंडग्रामात झाला. काही अभ्यासक हा काळ थोडा अलीकडचा मानतात. वडील सिद्धार्थ हे ज्ञातृ नावाच्या क्षत्रिय कुळाचे प्रमुख. आई त्रिशला ही वैशालीच्या चेटक राजाच्या घराण्यातली. हा प्रदेश गणराज्याचा होता, म्हणजे कारभार अनेक कुळांचे प्रमुख मिळून पाहत. बाळाच्या येण्याने घराची भरभराट झाली म्हणून नाव ठेवलं वर्धमान.

एक गोष्ट मुलांना नक्की सांगा, की जैन धर्म महावीरांनी नव्याने स्थापन केला असं जैन परंपरा मानत नाही. त्यांच्या आधी 23 तीर्थंकर झाले. 23 वे पार्श्वनाथ. महावीरांचे आईवडील पार्श्वनाथांच्याच अनुयायांपैकी होते, असं आगमग्रंथ सांगतात. म्हणजे त्यागाचा विचार या मुलाच्या घरातच होता.

कल्पसूत्रात त्यांच्या जन्माआधीची एक कथा येते. आपल्या हालचालीने आईला त्रास होऊ नये म्हणून गर्भातलं बाळ अगदी स्थिर राहिलं. पण झालं उलटंच. हालचाल थांबलेली पाहून त्रिशला घाबरली, बाळाचं काही बरंवाईट झालं असं समजून शोक करू लागली. ते जाणून बाळाने पुन्हा हालचाल केली. आणि आईवडील हयात असेपर्यंत घर सोडायचं नाही असं तेव्हाच ठरवलं.

कथा म्हणून मुलांना ही आवडते. पण मला त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. हेतू चांगला होता, तरी समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज चुकला. आणि चूक कळताच ती लगेच सुधारली. महावीरांच्या परंपरेने त्यांच्या चरित्राची सुरुवातच अशा गोष्टीने करावी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

घर सोडलं, पण घाईने नाही

श्वेतांबर परंपरेनुसार वर्धमानांचं लग्न यशोदेशी झालं, त्यांना प्रियदर्शना नावाची मुलगी होती. ते 28 वर्षांचे असताना आईवडील गेले. त्यांनी दीक्षा घ्यायचं ठरवलं तेव्हा थोरला भाऊ नंदिवर्धन याने थांबायची विनंती केली. एका दुःखातून घर अजून सावरलं नव्हतं. भावाचं मन राखून वर्धमान आणखी दोन वर्षं घरी राहिले, पण साधूसारखे. त्यातलं शेवटचं वर्षभर दान केलं आणि वयाच्या 30 व्या वर्षी सगळं सोडलं. डोक्यावरचे केस स्वतःच्या हातांनी पाच मुठींत उपटून काढले. याला पंचमुष्टी लोच म्हणतात.

दिगंबर परंपरा यातल्या काही गोष्टी वेगळ्या सांगते. तिच्यानुसार वर्धमानांनी लग्न केलंच नाही आणि आईवडील हयात असतानाच त्यांनी दीक्षा घेतली. दीक्षेच्या क्षणीच त्यांनी वस्त्रंही सोडली. श्वेतांबर परंपरेनुसार एक वस्त्र सुमारे 13 महिने अंगावर होतं, मग तेही गेलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

साडेबारा वर्षांचं मौन

यानंतरची सुमारे साडेबारा वर्षं हा चरित्राचा गाभा आहे. या काळात महावीरांनी कुणाला उपदेश केला नाही. मठ उभारला नाही. बहुतेक काळ ते मौनातच राहिले. जे अजून पूर्ण कळलेलं नाही ते लोकांना सांगायचं नाही, अशी ती शिस्त होती. आपण शिक्षकांनी इथे जरा थांबायला हवं. आदल्या रात्री गाईड वाचून दुसऱ्या दिवशी ठामपणे शिकवण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे, मलाही आहे.

हे तप त्यांना पहिल्या दिवसापासून नीट जमलं असंही नाही. पहिल्याच पावसाळ्यातली हकिकत चरित्रग्रंथांत येते. मोराक नावाच्या वस्तीजवळ एक आश्रम होता. तिथल्या प्रमुखाची सिद्धार्थांशी ओळख होती, म्हणून त्याने महावीरांना राहायला एक गवताची झोपडी दिली. त्या वर्षी चारा कमी होता. भुकेल्या गाई येऊन झोपड्यांचं गवत खाऊ लागल्या. बाकीचे तापस गाईंना हाकलत. महावीर ध्यानात उभे, त्यांनी हाकललं नाही. झोपडी उघडी पडली. तापसांनी तक्रार केली, प्रमुखाने येऊन समज दिली की पक्षीसुद्धा आपलं घरटं राखतो.

महावीरांनी वाद घातला नाही. आपल्यामुळे या लोकांना त्रास होतोय हे त्यांनी ओळखलं आणि भर पावसाळ्यात ते तिथून निघाले. निघताना त्यांनी स्वतःपुरते पाच नियम केले. ज्याला आपलं राहणं आवडत नाही त्याच्या जागेत राहायचं नाही. ध्यानात राहायचं. शक्यतो मौन पाळायचं. हाताच्या ओंजळीतच जेवायचं. कुणा गृहस्थाची मर्जी सांभाळत बसायचं नाही. हे नियम त्यांना कुणी शिकवले नव्हते. अनुभवातून एक अडचण कळली, त्यातून नियम झाला. तप म्हणजे डोळे मिटून केलेलं सोसणं नव्हे, ते इथे दिसतं.

पुढे ते लाढ देशात गेले. हा आजच्या पश्चिम बंगालचा काही भाग. आचारांग सूत्र हा अगदी जुना आगमग्रंथ, त्यात या प्रवासाचं वर्णन आहे. ते वाचताना आश्चर्य वाटतं, कारण त्यात चमत्कार जवळजवळ नाहीतच. तिथल्या लोकांनी त्यांच्यावर कुत्री सोडली, काठ्यांनी मारलं, मातीची ढेकळं फेकली, गावात येऊ दिलं नाही. इतर श्रमण कुत्र्यांपासून बचावासाठी हातात काठी ठेवत, महावीरांनी तीही ठेवली नाही. ज्याच्या हातात काठी आहे त्याच्याकडे कुत्रं एका नजरेने पाहतं आणि रिकाम्या हाताच्या माणसाकडे दुसऱ्या, हे खेड्यातल्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. पण रिकाम्या हातांनाही चावे बसतातच. ते त्यांनी सोसले.

चंदनेच्या हातचे उडीद

श्वेतांबर परंपरा सांगते की या साडेबारा वर्षांत त्यांनी अन्न घेतलं ते फक्त 349 दिवस. त्यातली एक हकिकत फार प्रसिद्ध आहे. कौशांबी नगरीत असताना महावीरांनी मनात एक कठीण संकल्प धरला होता. भिक्षा देणारी राजकन्या असेल पण दासी झालेली असेल, तिचं डोकं मुंडलेलं असेल, पायात बेड्या असतील, ती तीन दिवसांची उपाशी असेल, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असेल, सुपाच्या कोपऱ्यात उकडलेले उडीद असतील आणि डोळ्यांत पाणी असेल. असं सगळं जुळलं तरच भिक्षा घ्यायची.

पाच महिने आणि 25 दिवस झाले. नगरातले श्रीमंत लोक पक्वान्नं घेऊन उभे राहत आणि महावीर रिकाम्या हातांनी परत जात. शेवटी भिक्षा मिळाली ती चंदना नावाच्या मुलीकडून. ती चंपानगरीची राजकन्या. युद्धात सगळं गेलं, बाजारात विकली गेली, एका व्यापाऱ्याच्या घरी आली. त्याच्या बायकोने मत्सराने तिचं मुंडण करून तिला बेड्या घालून कोंडलं होतं.

मुलांना वाटतं की हा अटींचा खेळ आहे. पण जरा विचार केला की कळतं, त्या संकल्पामुळे सगळ्या नगराचं लक्ष जिच्याकडे कुणी पाहत नव्हतं अशा एका कोंडलेल्या दासीकडे गेलं. पुढे हीच चंदना महावीरांच्या साध्वीसंघाची प्रमुख झाली. स्त्रियांना साधनेचा अधिकार आहे की नाही यावर जिथे पुढे शतकानुशतकं वाद झाले, त्या देशात हे घडलं.

ज्ञान झालं, मग बोलणं

वयाच्या 42 व्या वर्षी, वैशाख शुद्ध दशमीला, ऋजुवालिका नदीच्या काठी सालवृक्षाखाली त्यांना केवलज्ञान झालं. श्वेतांबर परंपरा त्या वेळची जागा आणि आसनही सांगते : एका शेतकऱ्याचं शेत, आणि गाईची धार काढताना बसतो तशी उकिडवी बैठक. इतक्या मोठ्या घटनेला इतकी साधी बैठक, हे मला फार आवडतं.

त्यानंतर 30 वर्षं ते बोलत राहिले, चालत राहिले. पावसाळ्याचे चार महिने मात्र एका जागी मुक्काम, कारण त्या दिवसांत जमिनीवर बारीक जीव फार असतात आणि ते पायाखाली येतात. बोलले ते अर्धमागधीत, म्हणजे लोकांना समजणाऱ्या भाषेत. साधू, साध्वी, श्रावक, श्राविका असा चार भागांचा संघ त्यांनी बांधला. कल्पसूत्रात 14,000 साधू आणि 36,000 साध्वी असे आकडे येतात. पार्श्वनाथांच्या चार व्रतांत ब्रह्मचर्य वेगळं सांगून त्यांनी पाच महाव्रतं केली : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह.

त्यांची उत्तर देण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. कौशांबीच्या राजघराण्यातली जयंती नावाची श्राविका त्यांना एकामागून एक प्रश्न विचारते, अशी नोंद भगवतीसूत्रात आहे. तिचा एक प्रश्न होता की माणूस झोपलेला बरा की जागा. महावीरांनी एका शब्दात उत्तर दिलं नाही. जो इतरांना त्रास देतो तो झोपलेला बरा, जो चांगलं वागतो तो जागा बरा, असा त्यांच्या उत्तराचा आशय. आपल्या वर्गातली काही मुलं डोळ्यांसमोर येऊन हसू येईल, पण यातच अनेकान्तवादाचं बीज आहे. वस्तूला अनेक बाजू असतात. कोणत्या बाजूने बोलतोय ते सांगितल्याशिवाय केलेलं विधान अपुरं राहतं. याचा अर्थ सगळेच बरोबर, काहीही चालतं, असा मात्र नाही. आपली बाजू नीट तपासून मांडायची आणि दुसरी बाजू असू शकते हे विसरायचं नाही, असा तो आहे.

गौतम परत गेले

आता मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग. इंद्रभूती गौतम हे महावीरांचे पहिले शिष्य, 11 गणधरांमधले थोरले. मूळचे मोठे विद्वान ब्राह्मण. तर वाणिज्यग्रामात आनंद नावाचा एक धनाढ्य गृहस्थ होता. त्याच्याकडे 40,000 गाई आणि 500 नांगर होते असं उपासकदशांग सूत्र सांगतं. त्याने महावीरांकडून श्रावकाची 12 व्रतं घेतली आणि आपल्या संपत्तीला मर्यादा घातली. वर्षानुवर्षं व्रतं पाळून, शेवटी घरदार थोरल्या मुलावर सोपवून त्याने आयुष्याच्या अखेरीचं अन्नत्यागाचं व्रत घेतलं.

गौतम भिक्षेला आले असता त्याला भेटायला गेले. आनंदला उठवत नव्हतं. त्याने गौतमांना जवळ बोलावून नमस्कार केला आणि आपल्याला अवधिज्ञान झालं असून फार दूरवरचं दिसतं, असं सांगितलं. गौतमांना ते पटलं नाही. गृहस्थाला असं ज्ञान होईल, पण इतकं नाही, तेव्हा खोटं बोलल्याबद्दल प्रायश्चित्त घे, असं ते म्हणाले. आनंदने नम्रपणे विचारलं की खरं बोलल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावं लागतं का. गौतम नाही म्हणाले. मग ते आपणच घ्यायला हवं, असं आनंदने सुचवलं.

गौतम अस्वस्थ होऊन महावीरांकडे आले, सगळं सांगितलं. महावीरांनी आपल्या पट्टशिष्याची बाजू घेतली नाही. आनंद खरं बोलला, चूक तुझी, तेव्हा प्रायश्चित्त तू घे आणि जाऊन त्याची क्षमा माग, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हजारो साधूंचे प्रमुख असलेले गौतम उठले, पुन्हा त्या गृहस्थाच्या दारी गेले आणि क्षमा मागून आले.

जैन शास्त्रात तपाचे 12 प्रकार आहेत. सहा बाह्य : उपवास, भुकेपेक्षा कमी खाणं, भिक्षेवर मर्यादा घालून घेणं, चवीचा त्याग, एकांत, शरीराला कष्ट. सहा आभ्यंतर : प्रायश्चित्त, विनय, सेवा, स्वाध्याय, देहाची ममता सोडणं आणि ध्यान. आपल्याला फक्त पहिले सहा दिसतात. पण आतल्या सहांमध्ये पहिलं नाव प्रायश्चित्ताचं आहे. म्हणजे गौतमांचं ते परत जाणं हेही तपच. 10 दिवसांच्या उपवासापेक्षा ते सोपं होतं असं कुणी म्हणू नये.

दिव्यांची रात्र

इ.स.पू. 527 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी, पावापुरीत महावीरांचं निर्वाण झालं. ती अमावस्येची रात्र. आपल्या पंचांगात आश्विन अमावास्या, म्हणजे लक्ष्मीपूजनाचा दिवस. ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून मल्ल आणि लिच्छवी गणराजांनी दिवे लावले, असं कल्पसूत्र सांगतं. वीर निर्वाण संवत याच घटनेपासून मोजतात. गौतम तेव्हा जवळ नव्हते. बातमी कळल्यावर ते खूप रडले, आणि गुरूवरची ही मायासुद्धा बंधनच आहे हे त्या रडण्यातच त्यांना उमगलं. परंपरा म्हणते की त्याच पहाटे त्यांना केवलज्ञान झालं.

ती लाल फुली

आता माझ्या फुलीबद्दल. आमचा भाग सांगली-कोल्हापूरकडचा, इथे दिगंबर जैन समाज मोठा आहे. सहावीच्या एका मुलीने महावीरांच्या माहितीत ते अविवाहित होते असं लिहिलं. मी फुली मारली, बाजूला यशोदेचं नाव लिहिलं आणि गुण कापला. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. आजी असंच सांगते, म्हणाली. मी वर्गात सांगितलंय तेच लिहायचं, असं बोलून तिला जागेवर बसवलं. ती काही बोलली नाही.

काही महिन्यांनी दोन्ही परंपरांचं वाचन केलं तेव्हा कळलं की तिची आजी तिच्या परंपरेप्रमाणे बरोबर होती. मी फक्त एक बाजू वाचून ठाम झालो होतो. खरं सांगतो, गप्प बसावं असंच वाटत होतं. मुलं पुढच्या वर्गात जाणार, कोण लक्षात ठेवणार? पण त्याच वाचनात गौतम आणि आनंदची गोष्ट होती. आनंदसमोर उभं राहायला गौतमांना लाज वाटली नाही, मग मला वाटायचं कारण काय? मी वर्गात, सगळ्यांसमोर, त्या मुलीला सांगितलं की चूक माझी होती. गुण परत दिला. तिने वही छातीशी धरली आणि नुसती मान हलवली. पण त्या दिवसानंतर वर्गात हात वर येण्याचं प्रमाण वाढलं. सर, आमच्या घरी वेगळं सांगतात, असं मुलं मोकळेपणाने म्हणू लागली.

शिक्षक मित्रांनो, हा पाठ घेताना दोन्ही परंपरा सांगा आणि वर्गातल्या जैन मुलांना त्यांच्या घरी काय सांगतात ते बोलू द्या. पालकांनाही एक विनंती. लहान मुलं मोठ्यांचं बघून उपवासाची चढाओढ लावतात. त्यांना उपवासाच्या आकड्यात अडकवू नका, आतलं तप आधी शिकवा. आज कुणाला दुखावलं असेल तर जाऊन माफी मागायची, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. पर्युषणानंतर जैन घरांत एकमेकांची क्षमा मागतात, ती प्रथा आपल्या वर्गात, आपल्या घरात वर्षभर चालायला काय हरकत आहे?

आणि सुरुवात मोठ्यांपासून व्हायला हवी. गौतम थोरले होते, तरी परत गेले ते तेच.